मुलांच्या केसांना कलप लावू नका (मी लावलाय, म्हणून सांगतेय)

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सरळ पुढे जा. पण तुमचं मूल जपानी शाळेत असेल आणि त्याचे केस काळेभोर नसतील, तर कृपया शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात आपल्या पालकांच्या ग्रुपवर एका ताईंनी विचारलं, "मुलाच्या शाळेतून चिठ्ठी आलीय, केसांचा रंग नियमात बसत नाही म्हणे. त्याचे केस जन्मापासून पिंगट आहेत. काय करू?" अर्ध्या तासात बावीस उत्तरं आली. मी मोजली, सवयच आहे. त्यातली अठरा एकच होती: "काळे करून टाका आणि विषय संपवा." एकीने तर डब्याचा फोटोही टाकला, ड्रगस्टोअरमधला, काळा नंबर. खाली दहा अंगठे.

मी त्या वेळी काही लिहिलं नाही, कारण दीड वर्षापूर्वी मीही नेमकं हेच केलं होतं. आता लिहितेय.

आधी माझ्या केसांबद्दल, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे, कानशिलावर पांढरे, भांगात पांढरे. दर पाच आठवड्यांनी सलूनमध्ये जाते. इथे पहिलाच प्रश्न असतो: शिरागाझोमे की ओशारेझोमे? म्हणजे पांढरे झाकायचा रंग की हौसेचा रंग? मग लेव्हल विचारतात. जपानमध्ये केसांच्या उजळपणाला चक्क नंबर आहेत, धाग्याच्या दुकानात असतात तसे केसांचे झुबके लावलेली पट्टी असते, आणि बऱ्याच ऑफिसांत "अमुक लेव्हलपर्यंत चालेल" असा नियम असतो. मी सहा घेते, उन्हाळ्यात सात. वर थोडी राखाडी छटा मागते, कारण तपकिरी रंग तीन आठवड्यांत उतरायला लागला की खालून नारिंगी डोकावतं.

हे सगळं मी अभ्यास करून शिकले. पांढऱ्या केसात स्वतःचा रंगच उरलेला नसतो, त्यामुळे त्यावर लावलेली छटा जशीच्या तशी उमटते. काळा कलप लावला तर डोक्यावर बुटाचं पॉलिश बसतं. तुमच्या आमच्या बाबांचं आठवतंय ना, रविवारी सकाळी जुन्या बनियनवर, खांद्यावर वर्तमानपत्र, वाटीत पावडर कालवून? सोमवारी ऑफिसात सगळ्यांना कळायचं. खऱ्या केसांत चार छटा असतात, म्हणून खऱ्या वाटणाऱ्या रंगालाही चार छटा लागतात. आता तर शिरागा-बोकाशी म्हणून प्रकार आलाय, पांढरे झाकायचेच नाहीत, बारीक फिकट बटा काढून त्यांच्यात मिसळून टाकायचे. मी दर खेपेला साडेसहा हजार येन देते, वर्षाला साधारण पासष्ट हजार. कशासाठी? तर कोणीतरी म्हणावं, "अय्या, तुझे केस किती नॅचरल आहेत!"

आणि म्हणतात हो. त्याच शाळेच्या पालकसभेत एका जपानी आईने मला विचारलं होतं की तुमच्याकडे केस असेच पिंगट असतात का. मी हसून "हो" म्हटलं होतं. शुद्ध खोटं. आमच्या भाषेत याला विंडो ड्रेसिंग म्हणतात.

त्यानंतर पंधरा दिवसांनी लेकीच्या वर्गशिक्षिकांचा फोन आला. अत्यंत नम्र. मुलीचे केस रंगवलेले दिसतात, शाळेच्या नियमानुसार नैसर्गिक रंगात परत आणावेत.

माझी मुलगी तेव्हा नुकतीच चूगाक्कोमध्ये, म्हणजे आपल्या सातवीच्या वर्गात गेली होती. तिचे केस तिच्या आजोबांवर गेलेत. कोकणातलं घराणं, घारे डोळे, उन्हात उभं राहिलं की केस तांब्याच्या तारेसारखे. माझ्या सासूबाई अजूनही फोनवर म्हणतात, "केस भुरे झालेत पोरीचे, तेल लावत नाहीस का गं?" म्हणजे आमच्या घरात खोटा तपकिरी माझा आणि खरा तिचा. नोटीस खऱ्याला आली.

मी सांगितलं की हे जन्मापासूनचे आहेत. त्या म्हणाल्या, हो का, मग जिगे शोमेइशो भरून द्या. केस नैसर्गिक असल्याचा दाखला. पालकांचा शिक्का आणि सोबत लहानपणीचा रंगीत फोटो.

आता आपल्याकडचे लहानपणीचे फोटो! पहिल्या वर्षाचे सगळे फोटो कुंची घातलेले. त्यानंतरचे जावळ काढल्यानंतरचे, गुळगुळीत गोटा. पुढचे दोन वर्षांचे तेल चोपडून दोन शेंड्या बांधलेले, आणि तेल लावलेले केस फोटोत काळेच दिसतात. मी रात्री बारापर्यंत जुना लॅपटॉप उपसत होते. नवरा म्हणाला, "अगं, जाऊ दे. तुझ्याकडे डबा आहे ना?"

मी डबा काढला. हा माझा गुन्हा, शाळेचा नाही.

ते कसं झालं तेही सांगते, कारण ग्रुपवर "दहा मिनिटांचं काम" असं लिहिलं होतं. डब्यावर छापलेलं असतं की प्रत्येक वेळी वापरण्याआधी ४८ तास त्वचेवर चाचणी घ्या. मी स्वतःसाठी कधी घेतली नव्हती, तिच्यासाठीही घेतली नाही, कारण सकाळी शाळा होती. त्याच कागदावर लहान मुलांना वापरू नका असंही छापलेलं असतं. युरोपात तर असा पक्का रंग १६ वर्षांखालच्यांसाठी नाही, हे डब्यावर छापणं कायद्याने सक्तीचं आहे. यातलं मुख्य रसायन पॅराफेनिलिनडायमिन, पीपीडी. आपल्याकडे "काळी मेंदी" म्हणून जी विकतात तिच्यातही बऱ्याचदा हेच असतं, म्हणून "मी मेंदी लावते, आयुर्वेदिक आहे" म्हणणाऱ्यांनीही पाकिटाची मागची बाजू वाचावी. याची ॲलर्जी एकदा लागली की सहसा जन्माची सोबत करते, आणि ती आधी वीस वेळा काही न होता एकविसाव्या वेळीही होऊ शकते. जपानच्या ग्राहक सुरक्षा तपास आयोगाने केसांच्या रंगाने होणाऱ्या त्वचेच्या त्रासावर २०१५ मध्ये स्वतंत्र अहवाल काढला, इतका हा प्रकार नेहमीचा आहे.

लेकीच्या कानामागे दुसऱ्या दिवशी लाल चट्टे आले. आठवड्यात गेले. आम्ही नशीबवान. पण डॉक्टर म्हणाले की आता हिला हा रंग पुन्हा लावू नका. म्हणजे "विषय संपवा" वाला उपाय एका रात्रीत संपला, आणि विषय तसाच.

उलट वाढला. कारण केस वाढतात. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. पाचव्या आठवड्यात मुळाशी पिंगट पट्टी दिसायला लागली आणि खाली सपाट काळा. आता कोणीही बघितलं तरी स्पष्ट कळत होतं की या मुलीने केस रंगवलेत. शाळेचा नियम काय? केस रंगवू नयेत! दीड महिन्यापूर्वी नियम न मोडता ती संशयित होती. आता नियम खरंच मोडला होता आणि पुरावा डोक्यावर होता.

मी आयुष्यभर दुसऱ्यांची व्हाउचर्स तपासत आलेय. मूळ कागद बदलायचा नाही, चूक असली तरी त्यावर व्हाइटनर लावायचा नाही, हे आम्ही आर्टिकलशिपच्या पहिल्या आठवड्यात शिकतो. मी मुलीच्या मूळ कागदावर व्हाइटनर लावला होता. व्हाइटनर कसला, ब्लॅकनर.

आणि तो निघत नाही. हे ग्रुपवरच्या अठरा जणांपैकी एकीनेही सांगितलं नाही. रंगावर रंग लावून केस उजळत नाहीत. काळा एकदा आत बसला की काढायला ब्लीच लागतं, नाहीतर केस वाढून कापले जाईपर्यंत थांबायचं. आपण मोठी माणसं लेव्हल सहावरून सातवर जाताना सलूनवाला दहा वेळा विचारतो. मुलांच्या डोक्यावर मात्र आपण थेट तळाचा काळा ओततो, "तात्पुरता" म्हणून.

आता ओसाकाची ती गोष्ट, कारण ग्रुपवर कोणीतरी लिहिलंच की "अहो, एका मुलीने केस केली होती आणि ती जिंकली, त्यामुळे शाळा फार ताणत नाहीत." अर्धवट माहिती आहे. नीट ऐका.

ओसाका प्रांतातलं हाबिकिनो गाव, तिथलं कैफूकान हे सरकारी उच्च माध्यमिक विद्यालय. २०१७ मध्ये बातमी आली की एका विद्यार्थिनीने प्रांतावर सुमारे २२ लाख येनचा दावा लावलाय. तिचं म्हणणं, माझे केस जन्मतः पिंगट आहेत, आईने प्रवेशाच्या वेळीच तसं सांगितलं होतं, तरी मला पुन्हा पुन्हा काळे करायला लावलं. दाव्यानुसार आधी आठवड्या-दोन आठवड्यांनी, मग दर चार दिवसांनी. टाळूची आग व्हायला लागली, शेवटी तिने शाळेत जाणं सोडलं. मग वर्गातलं तिचं बाकही काढलं आणि यादीतून नावही.

१६ फेब्रुवारी २०२१ ला ओसाका जिल्हा न्यायालयाचा निकाल आला. तिला ३ लाख ३० हजार येन मिळाले. पण कशाबद्दल? बाक आणि नाव काढल्याबद्दल. केस काळे करायला लावणं न्यायालयाने बेकायदा ठरवलं नाही. केस रंगवू नयेत हा नियम शाळेच्या अधिकारात बसतो असं म्हटलं, आणि शिक्षकांनी मुळाशी केस काळे पाहिले होते हे शाळेचं म्हणणं ग्राह्य धरलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं, जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढचं अपील फेटाळलं.

म्हणजे मुख्य मुद्द्यावर ती हरली. ३ लाख ३० हजार येन म्हणजे माझ्या पाच वर्षांच्या रंगाचा खर्च.

त्या निकालात मला सगळ्यात जास्त काय लागलं माहितीये? मुळं. सगळा खटला केसांच्या मुळांवर येऊन थांबला. तिच्या मुळाशी खरोखर काय रंग होता, मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. पण एकदा का केसांवर डब्यातला रंग चढला, की मुळाशी कोणी काय पाहिलं यावर सगळं येऊन ठेपतं. शाळेत हा वाद झालाच, तर तुमच्या मुलाकडे एकच खरा पुरावा असतो: त्याचे न रंगवलेले केस. आणि आपण घाबरून तोच पुरावा आधी नष्ट करतो.

टोकियोत आता काय आहे, ते थोडक्यात. २०१७ मध्ये आसाही वर्तमानपत्राने पाहणी केली तेव्हा टोकियोच्या महानगर सरकारच्या उच्च माध्यमिक विद्यालयांपैकी जवळपास ६० टक्के असे दाखले मागत होती. २०१९ मध्ये सक्तीच्या कुरोझोमेविरुद्ध सह्यांची मोहीम झाली, हजारो सह्या शिक्षण मंडळाकडे गेल्या. मार्च २०२२ मध्ये मंडळाने जाहीर केलं की एप्रिलपासून जन्मजात केस सरसकट काळे करायला लावणं बंद. त्याच यादीत आतल्या कपड्यांचा रंग ठरवणं, टू-ब्लॉक कटला बंदी आणि "उच्च माध्यमिक विद्यार्थ्याला शोभेल असं" वगैरे मोघम भाषाही गेली. (हो, आतल्या कपड्यांचा रंग. आपण ज्या "शिस्तीचं" भारतात फोनवर कौतुक करतो, तिच्यात हेही येत होतं.) दाखला मात्र काही ठिकाणी "ऐच्छिक" म्हणून उरला. आणि हा निर्णय फक्त तोरित्सु शाळांचा. कू-च्या शाळा आणि खासगी शाळा त्यात येत नाहीत. माझ्या मुलीची शाळा खासगी. ताईंनी आधी हेच तपासावं की मुलाची शाळा कोणाच्या अखत्यारीत येते. त्या रात्री मला हेसुद्धा सुचलं नव्हतं.

"आपण पाहुणे आहोत, त्यांच्या घरात त्यांचे नियम." हे वाक्य मला आता ऐकवत नाही. मी इथे दर महिन्याला कर भरते, पेन्शन भरते, जूमिनझेई भरते. पाहुण्याकडून कोणी जूमिनझेई घेत नाही. आणि समजा पाहुणे असलो, तरी नियम काय आहे ते तरी वाचा ना! नियम आहे: केस रंगवू नका. तुमचं मूल तो पाळतंय. तो मोडताय तुम्ही.

"एवढ्याशा गोष्टीवरून मुलाला एकटं पाडायचं का?" या मुद्द्याची टिंगल मी करणार नाही. वेगळं दिसायची किंमत शाळेत मूल मोजतं, आई नाही. डब्यापर्यंत मी याच भीतीने पोचले. पण माझ्या मुलीला एकटं वाटलं ते पिंगट केसांमुळे नाही. ती नंतर म्हणाली, "सेन्सेईंना वाटलं मी खोटं बोलतेय, ते ठीक होतं. त्यांना माहीत नव्हतं. पण आई, तुला तर माहीत होतं ना?"

मग तिने पुढचं विचारलं. "तू का रंगवतेस?"

मी म्हटलं, क्लायंटसमोर बसायचं असतं, बाईचे केस पांढरे दिसले की लोक दमलेली समजतात, पुरुषाचे दिसले की अनुभवी. खरं आहे, पण पुरेसं नाही, हे तिलाही कळलं. इथल्या कोंदो सातो, पूर्वीच्या फुजी टीव्हीच्या निवेदिका, २०१८ मध्ये पांढऱ्या केसांनी टीव्हीवर आल्या आणि त्या वर्षी "ग्रे हेअर" हा शब्द वर्षाच्या गाजलेल्या शब्दांच्या यादीसाठी नामांकनात होता. २०११ च्या भूकंपानंतर आपत्कालीन पिशवी भरताना आपण त्यात केसांचा रंगही ठेवतोय, हे लक्षात आल्यावर त्यांना प्रश्न पडला, असं त्यांनी सांगितलंय. मला अजून तेवढं धैर्य नाही. मी रंगवत राहीन, बहुतेक पन्नाशीपर्यंत. माझं डोकं, माझे पैसे, माझी चाचणी न घेण्याची मूर्खताही माझीच (आता घेते). मोठ्या बाईने स्वतःच्या केसांबद्दल घेतलेला निर्णय आणि तेरा वर्षांच्या पोरीवर आपल्या सोयीसाठी लादलेला निर्णय, ही दोन वेगळी खाती आहेत. मी ती एकत्र केली होती.

शेवटी केलं काय? मी शिक्षिकांची वेळ मागितली आणि लिहून नेलं. साध्या जपानीत, चार ओळी. हिचे केस जन्मतः पिंगट आहेत. काळा रंग पालकांनी लावला, ती आमची चूक, मुलीची नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुन्हा लावणार नाही. जुना रंग वाढून जायला वेळ लागेल, तोवर केस दोन रंगांचे दिसतील. खाली हांको मारला. फोटो जोडला नाही. माहिती द्यायला मी तयार आहे, निर्दोष असल्याचा पुरावा द्यायला नाही, हा फरक मी अगदी सौम्य शब्दांत, पण सांगितला.

त्यांनी वाचलं, मान हलवली, "वाकारिमाशिता" म्हणाल्या. पाच मिनिटं लागली. पाच मिनिटं! सगळीकडे असंच होईल असं मी म्हणत नाही, हाबिकिनोमध्ये झालं नाही. पण आम्ही ती पाच मिनिटं मागितलीच नव्हती, त्याआधी डबा उघडला होता.

लेकीचे केस तेव्हा पाठीच्या मध्यापर्यंत होते. काळा भाग पूर्ण वाढून जायला तीन वर्षं तरी लागली असती. तिने हिशोब केला (माझीच मुलगी) आणि कानापर्यंत कापून टाकले. सलूनच्या खुर्चीत ती रडली नाही, मी रडले. आता जवळजवळ सगळे तिचे स्वतःचे आहेत, टोकाला तेवढी काळी किनार उरलीय. पुढच्या कटिंगला तीही जाईल.

तर ज्या ताईंनी विचारलं होतं त्यांच्यासाठी: मला मेसेज करा, आमचं ते चार ओळींचं पत्र पाठवते, नावं बदलून वापरा. मुलगा कसा दिसतो, उन्हात आणि घरात, याचे आजच्या तारखेचे दोन फोटो काढून स्वतःजवळ ठेवा, शाळेला देऊ नका. शाळेने तोंडी सांगितलं असेल तर नियम लेखी मागा. आणि तो डबा घरी आणला असेल तर परत करून या, पावती असेलच. कोणाला तपकिरीची कोणती लेव्हल, नारिंगी कसं टाळायचं, कानशिलावर आधी लावायचं की शेवटी, हे विचारायचं असेल तर जरूर विचारा. फक्त स्वतःच्या डोक्यासाठी.